वर्षावासाआधी घरातला साठा: कोणाच्या ताटासाठी?

आषाढी पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, असे वर्षावासाचे तीन महिने. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते, भोजनदानाच्या पाळ्या ठरतात. आणि नेमक्या याच तीन महिन्यांत कुरखेडा तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमधल्या ढोल्या तळाला लागतात. रोवणी आटोपली की रोजी थांबते. हलके धान दिवाळीच्या सुमारास हाती येते, भारी धान त्याच्याही नंतर. सती नदीला आणि नाल्यांना पूर आला की बाजाराला जाणेही राहून जाते. हिवताप, हगवण, सर्पदंश आणि घरात अपुरे अन्न, सगळे एकाच वेळी अंगावर येते.

म्हणून या वेळचे आरोग्याचे पान घरातल्या साठ्यासाठी. साठा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चुंगड्या उभ्या राहतात. यंदा किती चुंगड्या भरल्या, किती विकल्या, किती उरल्या, हे घरातल्या पुरुषमाणसाला तोंडपाठ असते. पण रोज कोणाच्या ताटात किती पडते, हे विचारले तर घर गप्प होते. परिचारिका म्हणून काम करताना मी गरोदर बायांना नेहमी विचारायची, काल रात्री काय जेवलीस? उत्तर बहुतेक वेळा एकच यायचे: भात. भातासोबत काय? मग थोडा वेळ थांबून, 'वरण होते, पण माझ्यापर्यंत आले तेव्हा पाणीच उरले होते.' घरात डाळ नव्हती असे नाही. डाळ होती, शिजली होती, पण शेवटी बसणाऱ्या बाईपर्यंत पोचली नव्हती. आणि तिच्याच पोटात बाळ होते.

साठा मोजायचा तो या शेवटी जेवणाऱ्या माणसापासून, एवढेच मला सांगायचे आहे. बाकी सगळे त्यातून निघते.

तथागतांची आळवी नगरातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, उपाशीपोटी, दमूनभागून तो देसना ऐकायला उशिरा पोचला. सगळ्यांची जेवणे उरकली होती. तथागतांनी देसना सुरू केली नाही. अन्न उरले आहे का ते विचारले, त्या माणसाला आधी पोटभर जेवू घातले आणि मगच बोलायला सुरुवात केली. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, तेव्हा उपाशी माणसापर्यंत धम्म पोचत नाही हे त्यांनी समजावून सांगितले. शेवटी आलेल्या माणसाची विचारपूस तिथे सर्वात आधी झाली. आपल्या चुलीपाशी शेवटी कोण येते, हे वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायांपुढे स्वच्छतेबद्दल, मुलांच्या शिक्षणाबद्दल सांगितले आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे असेही सांगितले. बरोबरीची सुरुवात ताटापासून करायला काय हरकत आहे?

आधी सात दिवस मोजा

घरात काटा नसतो. त्याची गरजही नाही. एक ठरलेला स्टीलचा गिलास घ्या आणि त्यात किती तांदूळ मावतात ते एकदा दुकानातल्या काट्यावर मोजून आणा. मग सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, किती गिलास तांदूळ गंजात टाकले ते भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवा. डाळ मुठीने मोजा. मोठ्या बाईच्या दोन मुठी म्हणजे साधारण 80 ते 90 ग्रॅम डाळ होते, पण प्रत्येकीची मूठ वेगळी, तेव्हा तीही एकदा काट्यावर मोजलेली बरी.

एक उदाहरण घेऊ. सासू, नवरा-बायको आणि तीन मुले, अशी सहा माणसे. दिवसाला दीड किलो तांदूळ शिजतो. म्हणजे महिन्याला 45 किलो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो धान्य मिळते, म्हणजे या घराला 30 किलो. (अंत्योदय कार्ड असेल तर माणसे कितीही असोत, कुटुंबाला 35 किलो.) जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, तेव्हा दुकानदार पैसे मागत असेल तर देऊ नका. उरले 15 किलो. ते घरच्या धानातून काढायचे. गिरणीवर धानाचा साधारण 65 टक्के तांदूळ उतरतो असे धरले तर 15 किलो तांदळाला 23 किलो धान लागते. वर्षाचे होतात पावणेतीन क्विंटलच्या थोडे वर. तीन क्विंटलच धरा, पाहुणारावळा, मरण-धरण असतेच. बियाण्याचे धान वेगळे.

हा आकडा धान खरेदी केंद्रावर गाडी नेण्याआधी घरात बोलून ठरवायचा असतो. डिसेंबरात सगळे धान विकायचे आणि ऑगस्टमध्ये तेच तांदूळ दुकानातून उधारीवर आणायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि त्या उधारीची भरपाई बाईच्या ताटातून होते. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांनी कापणीच्या दिवसांत मजुरी धानाच्या रूपात मिळत असेल तर निदान काही हिस्सा धानातच घ्यावा. पैसा त्याच आठवड्यात जातो. धान ढोलीत राहते.

आता डाळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला 2000 कॅलरीच्या आहारासाठी 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी सांगितल्या आहेत. म्हणजे डाळीच्या दोन मुठी. आपल्याकडे उलटा प्रकार आहे: भात सांगितलेल्यापेक्षा कमी नाही आणि डाळ सहा माणसांत मिळून दोन मुठी. मासोळी, अंडी, मटण ज्या दिवशी होते त्या दिवशी डाळ थोडी कमी चालेल, पण वर्षावासात पुष्कळ घरे मांसमासे बंद ठेवतात. मग तर डाळ जास्त हवी. उपोसथ पाळणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गरोदर, अंगावर पाजणारी बाई आणि लहान लेकरू यांच्यासाठी अंडे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन मुठी एकदम जमणार नाहीत हे मलाही कळते. निदान माणशी एक मूठ धरा. सहा माणसांच्या सहा मुठी, म्हणजे दिवसाला पाव किलो, महिन्याला साडेसात किलो, वर्षावासाच्या तीन महिन्यांना बावीस-तेवीस किलो. तेलाचे दोन रिकामे पिपे भरतील एवढी. हे पिपे कधी भरायचे? धुऱ्यावरची तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, उतेऱ्यातले लाखोळी, हरभरा, पोपट त्याच्या मागोमाग. तेव्हा घरचे असेल तर विकण्याआधी पिपा भरा. घरचे नसेल तर मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे येतात. त्या पैशावर डोळा ठेवून दारूचे दुकान आणि मोबाईलचे दुकान दोन्ही बसलेले असतात. पैसा हातात आल्याच्या दिवशीच डाळ घ्या. बचत गटातल्या चार-पाच घरांनी मिळून पोते फोडले तर किरकोळीपेक्षा स्वस्त पडते.

पिपे भरले तरी शेवटची बाई उपाशी राहू शकते. म्हणून दुसरी सवय: वरण उतरले की वाढायला घेण्याआधी तिच्या वाटणीचे घट्ट वरण वाटीत काढून झाकून ठेवायचे. गंजाच्या तळाशी उरेल ते तिचे, हा नियम बंद. सासूबाईंनी ही वाटी स्वतःच्या हाताने काढली तर फार चांगले. घरात कोणाला ते खटकणारही नाही. त्याहून चांगले म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून जेवणे. अंगणवाडीतून गरोदर बाईला किंवा लेकराला मिळणारे पाकीट वेगळ्या डब्यात, त्या माणसाच्या नावाने ठेवा. ते सगळ्या घराचा नाश्ता नव्हे.

लाखोळीबद्दल थोडे. आपल्या भागाचे ते पीक आहे, स्वस्त आहे, आणि तिचे वरण-वड्या आपल्याला आवडतात. पण लाखोळीत एक विषारी घटक असतो. दुष्काळात ज्यांनी महिनोन्महिने मुख्यतः लाखोळीच खाल्ली त्यांचे पाय लुळे-ताठ झाले आणि ते बरे झाले नाहीत. अधूनमधून, इतर डाळींसोबत आणि पोटभर भाताबरोबर खाल्ल्याने असे होत नाही. तेव्हा दोन्ही पिपे लाखोळीने भरू नका. तूर, मूग, हरभरा, पोपट यांच्यात तिचा वाटा थोडा ठेवा. शिजवण्याआधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या. पिठाच्या चुनात ही धुण्याची संधी मिळत नाही, म्हणून लाखोळीच्या पिठाचे चून रोज नको.

वाळवलेली भाजी हाही साठाच आहे. हरभऱ्याचा आणि लाखोळीचा वाळलेला पाला, अंबाडी, सात्या, वास्ते. आपल्या आयांना हे शास्त्र येत होते. पाला सावलीत वाळवा, उन्हात रंग आणि सत्त्व दोन्ही जाते. जेवताना त्यावर लिंबू किंवा चिंच घ्या, त्याने पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लागत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. अशा वेळी वाळल्या पाल्याचे एक गाठोडे छपराला टांगलेले असणे फार मोलाचे.

ढोली, उंदीर आणि झोपायची जागा

धान धानाच्याच रूपात ठेवा. टरफल हे त्याचे कवच आहे. तांदूळ काढून ठेवला की सोंडे लागतात, आणि कोंड्यासकट कमी पॉलिशचा तांदूळ तर लवकर खवट होतो. महिन्याभराचेच गिरणीवर न्या. साठवण्याआधी दाणा दाताखाली धरून पाहा. कटकन तुटला पाहिजे. दबला तर अजून दोन उन्हे द्या. ओल राहिली की बुरशी येते. बुरशीचा वास असलेले धान, काळे-हिरवे पडलेले भुईमुगाचे दाणे धुऊन-शिजवून खाऊ नका. बुरशीचे विष उकळल्याने जात नाही आणि ते काळजावर, म्हणजे यकृतावर, जाऊन बसते.

ढोली नवी शेणामातीने सारवून पूर्ण वाळवा. ती जमिनीवर टेकू नये. खाली लाकडाचे किंवा विटांचे पाय, हातभर उंच, आणि भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे उंदराला आडोसा मिळत नाही आणि मागची बाजू झाडता येते. जागा असेल तर ढोली झोपण्याच्या खोलीत ठेवूच नका. हे मी मुद्दाम सांगते आहे. सांडलेल्या धानामागे उंदीर येतो, उंदरामागे साप येतो आणि आपण त्याच खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपतो. मण्यारचा दंश रात्री झोपेत होतो. खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे घालवलेला एक तास जिवावर बेततो. सापाच्या विषावरचे औषध सरकारी रुग्णालयात आहे आणि ते मोफत आहे. एकच खोली असेल तर खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. हिवतापाला आणि सापाला एकच उपाय. उंदरांनी मुतलेले धान्य फेका, कारण लेप्टोचा ताप त्यातून होतो.

डाळीला भुंगे लागू नयेत म्हणून मे महिन्याच्या कडक उन्हात पातळ पसरून तापवा, थंड झाल्यावरच पिप्यात भरा. गरम भरली तर आत घाम धरते. अख्ख्या कडधान्याला किलोला लहान चमचाभर खायचे तेल चोळले की भुंगा अंडी घालू शकत नाही. वाळलेला कडुनिंबाचा पाला मधे-मधे घाला.

एवढे करायचा कंटाळा येतो आणि मग कोणीतरी बाजारातून 'गोळी' आणून देते. तायांनो, बंधूंनो, ही सल्फासची गोळी घरात आणू नका. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो आणि पावसाळ्यात ओल सगळीकडेच असते. बंद खोलीत, गोळी घातलेल्या धानाशेजारी माणसे झोपली तर रात्रीत घरातली लेकरे आधी जातात, कारण त्यांची अंगे लहान. या विषावर उतारा नाही. मोठ्या गोदामात प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली वापरायची ती वस्तू आहे, आपल्या झोपडीसाठी नव्हे. घरात अगोदरच गोळ्या असतील आणि कोणाला मळमळ, उलट्या, छातीत आवळल्यासारखे, धाप असे होत असेल, लसणासारखा वास येत असेल, तर सगळ्यांना आधी उघड्यावर आणा आणि सरळ रुग्णालय गाठा. डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा. लपवू नका. आणखी एक कारण आहे: घरात भांडण झाले, परीक्षेत नापास झाले, कर्ज डोक्यावर आले, की हाताशी असलेली ही गोळी माणसे गिळतात. ती हाताशी नसती तर रागाचा तो तास निघून गेला असता. फवारणीच्या औषधाचे डबे धुऊन त्यात तेल-मीठ ठेवणे, रंग लावलेले बियाणे खाण्याच्या धानाजवळ ठेवणे, हेही त्याच पंगतीतले.

रेशनचा तांदूळ

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात आणि पाण्यावर तरंगतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बाया ते वेचून फेकतात. तो प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून तो दाणा केलेला असतो आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात घातलेला असतो. फेकला तर फायदा फेकला. तांदूळ निवडून एक-दोन पाण्यात धुवा, चार-चार वेळा चोळून नको. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या, कारण सिकलसेलमध्ये लोह सरसकट द्यायचे नसते. सिकलसेल आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न जुळवण्याआधी करून घेतली तर उत्तम. मीठ झाकणाच्या डब्यात आणि चुलीपासून दूर ठेवा, नाहीतर त्यातले आयोडीन उडून जाते.

शिजलेल्या भाताचा साठा हा धोक्याचा साठा. दुपारचा भात रात्री आणि रात्रीचा सकाळी, ही आपली सवय आहे आणि तीत गरिबी आहे, आळस नाही. पण आपल्याकडच्या दमट उकाड्यात शिजलेल्या भातात जंतू लवकर वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केले की भात पुन्हा गरम करूनही ते जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब. सात दिवस गिलासाने मोजले असेल तर किती उरते तेही कळले असेल. तेवढे तांदूळ कमी टाका. उरलाच तर पसरट भांड्यात मोकळा करून लवकर थंड करा आणि पुढच्याच जेवणाला संपवा. आंबलेली पेज किंवा आंबील मुद्दाम, स्वच्छ भांड्यात, स्वच्छ पाण्यात लावलेली असेल तर ती चांगली. विसरून राहिलेला चिकट भात ही आंबील नव्हे.

विहारातल्या भोजनदानालाही हेच लागू आहे. शंभर माणसांचा भात सकाळी आठला एकाच मोठ्या गंजात शिजवून झाकून ठेवायचा आणि वाचन लांबले म्हणून दुपारी दोनला वाढायचा, असे करू नका. दोन फेऱ्यांत शिजवा. पहिला गंज अर्धा झाला की दुसरा चुलीवर चढवायचा. वाढणाऱ्यांनी हात साबणाने धुवावेत, पाणी उकळून गार केलेले ठेवावे. आणि स्वयंपाकाला पहाटेपासून उभ्या असलेल्या बायांची पंगत सगळ्यांत आधी बसवावी, वरण घट्ट असताना.